रोगशोध आणि गुन्हेशोध : माहितीच्या देवाणघेवाणीची चिकित्सा

जैविक हल्ल्यात साथ आणि गुन्हा यांचा आरंभ एकाच ठिकाणी होतो. डॉक्टरांसमोर जो रुग्ण असतो, तोच पोलिसांच्या दृष्टीने पहिला साक्षीदार ठरतो. अमेरिकेत २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठविले गेले. २२ जणांना बाधा झाली आणि ५ जण दगावले. त्यानंतरच्या वर्षांत तेथील रोगनियंत्रण केंद्र (सीडीसी) व एफबीआय यांनी गुन्हेशोध आणि साथशोध यांची संयुक्त हस्तपुस्तिका तयार केली. तपास वेगवेगळे असले तरी माहिती प्रारंभापासून एकत्र असावी, ही तिची मध्यवर्ती भूमिका होय.

या भूमिकेमागील कारण भक्कम आहे. १५ ऑक्टोबर २००१ रोजी सिनेटर डॅशल यांच्या कार्यालयात जंतुयुक्त पत्र उघडले गेले. तेथील कर्मचाऱ्यांना तत्काळ प्रतिजैविके मिळाली. मात्र ते पत्र ज्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातून गेले, ते २१ ऑक्टोबरपर्यंत चालूच राहिले आणि तेथील दोन कामगार मृत्युमुखी पडले. बंद पाकिटातून जंतू बाहेर पडणार नाहीत, असे गृहीत धरले गेले होते. भुकटी किती सूक्ष्म आहे याची माहिती तपास यंत्रणांकडून आरोग्य यंत्रणेकडे वेळेवर गेली नाही, अशी टीका पुढे झाली. (२०१० मध्ये तपास बंद करताना एफबीआयने ज्याला दोषी मानले, तो शास्त्रज्ञ हे नमुने तपासणाऱ्या लष्करी प्रयोगशाळेतलाच होता. माहिती कोणाला द्यावी, हा प्रश्न त्यामुळे अधिकच बिकट होतो.)

हस्तपुस्तिकेचा दुबळा भाग मात्र संयुक्त मुलाखतीच्या शिफारशीत आढळतो. पोलिसांसमोर रुग्ण मोकळेपणाने बोलणार नाही, याची जाणीव पुस्तिकेला आहे. परंतु तिला तो केवळ समन्वयाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो विश्वासाचा प्रश्न आहे. आपण कोठे गेलो, कोणाला भेटलो हे रुग्णाने दडविले, तर दोन्ही तपास एकाच वेळी आंधळे होतात.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांच्या कारकिर्दीत लष्करी तुकड्या घरोघर झडती घेत, तेव्हा लोकांनी रुग्णच लपविले. २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीच्या साथरोग कायद्याच्या तिसऱ्या कलमात अवज्ञेची शिक्षा, तर चौथ्यात अधिकाऱ्यांना संरक्षण आहे. रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेले कोणापर्यंत जावे व कोठे थांबावे, याविषयी त्यात एकही शब्द नाही. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी कठोर शिक्षा आली, पण ही पोकळी तशीच राहिली.