३.८२ च्या पलीकडे

३.८२. आधी हा एक अंकच तळहातावर घेऊन पाहू या. २०१७ च्या ऑगस्टअखेर डेट्रॉइट टायगर्सच्या जस्टिन व्हर्लँडर या पिचरच्या नावापुढे हा अंक लिहिलेला होता. अमेरिकन बेसबॉलमध्ये त्याला ईआरए म्हणतात: पिचरने दर नऊ डावांमागे सरासरी किती धावा दिल्या, त्याचे हे माप. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेली धाव त्यात धरत नाहीत. त्या मोसमात व्हर्लँडरचे दहा विजय होते आणि आठ पराभव. वय चौतीस, आणि पुढची दोन वर्षे त्याला दरसाल २ कोटी ८० लाख डॉलर मोजायचे होते. अंक वाईट नव्हता, पण एवढ्या पैशाला साजेसाही नव्हता. तरीही ३१ ऑगस्टच्या मध्यरात्री, विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने तीन उमलते खेळाडू देऊन त्याला आपल्याकडे घेतले. बेसबॉलच्या बाजारात असे सौदे दरवर्षी होतात आणि बहुतेक पुढच्या मोसमापर्यंत विसरलेही जातात. हा मात्र अजून वाचावासा वाटतो, कारण प्रत्येक वाचनात त्याचा एक नवा पदर उलगडतो.

पहिला पदर त्या अंकाचाच. ईआरए हे पिचरचे निखळ माप आहे अशी समजूत अनेक दशके चालत आली होती. २००१ मध्ये व्होरॉस मॅक्रॅकन या अभ्यासकाने तिला धक्का दिला. बॅटला लागून चेंडू एकदा मैदानात गेला की पुढचे बरेचसे क्षेत्ररक्षकांच्या आणि दैवाच्या हाती असते. पिचरचे खरे स्वतःचे म्हणावे असे तीनच हिशेब, किती जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, किती जणांना चालत पहिल्या बेसवर जाऊ दिले आणि किती होमरन दिले, असा त्याचा सिद्धान्त होता. ही दृष्टी घेऊन आपण व्हर्लँडरची मागली वर्षे चाळली की ३.८२ च्या आत एक हालचाल दिसू लागते. २०११ मध्ये तो २४ सामने जिंकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान एकाच वर्षी मिळवणारा पिचर होता. २०१४ च्या जानेवारीत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, वेग उतरला, त्या मोसमाचा ईआरए ४.५४ वर गेला आणि उतरणीची वर्णने सुरू झाली. पण २०१६ मध्ये याच माणसाने २५४ स्ट्राइकआउट घेतले, अमेरिकन लीगमधले त्या वर्षीचे सर्वाधिक. उतार लागलेला हात असे करीत नाही. ज्याला एकाच मोसमाचा सरासरी अंक दिसला, त्याला सरते वय दिसले. ज्याने चार मोसमांची रेषा डोळ्यांखालून घातली, त्याला पुन्हा वर चढणारा पिचर दिसला.

आता अंक बाजूला ठेवून चेंडूकडे वळू. क्रिकेटवर पोसलेली आपली नजर टप्पा शोधते. बेसबॉलमध्ये टप्पा नाही, जे घडायचे ते साठ फूट सहा इंचांच्या हवेत, सेकंदाच्या साधारण चार दशांशात घडते. व्हर्लँडरचा फोर-सीम फास्टबॉल तेव्हा ताशी ९५ मैलांच्या आसपास जाई, पण वेग हे त्याचे अर्धेच रहस्य. सुटताना बोटांची टोके चेंडूला मागच्या दिशेने जी फिरकी देतात, ती लीगमध्ये सरासरीने मिनिटाला सुमारे २२५० फेऱ्यांची. व्हर्लँडरची २५०० च्या घरातली. ही फिरकी हवेत चेंडूला उचलून धरते. तो वर चढत नाही, गुरुत्वाकर्षण कुणाला सोडत नाही. फक्त बॅटरच्या सरावलेल्या डोळ्याने जितका खाली यावा असे गृहीत धरलेले असते, तितका तो येत नाही. म्हणून छातीच्या खालोखाल आलेल्या चेंडूच्या नेमकी खालून बॅट फिरते, आणि बॅटर क्षणभर बॅटकडेच अविश्वासाने पाहतो. पिचिंगमध्ये फसवणूक म्हणजे वळण असे आपण धरून चालतो. इथे सरळ चेंडू फसवतो, केवळ अपेक्षेपेक्षा थोडा अधिक सरळ राहून.

अ‍ॅस्ट्रोजच्या अभ्यासकांना ही फिरकी ठाऊक होती. २०१५ पासून मेजर लीगच्या प्रत्येक मैदानावर चेंडूच्या प्रत्येक हालचालीची नोंद होत आहे, त्यामुळे ती तशी सर्वांनाच ठाऊक असायला हवी होती. ह्यूस्टनचे वेगळेपण असे, की मिळालेल्या पिचरचे पुढे काय करायचे याची कल्पनाही त्यांच्यापाशी तयार होती. फास्टबॉल खाली ठेवा हा बेसबॉलमधला जुना उपदेश. ह्यूस्टनमध्ये भर होता तो वर टाकण्यावर, जिथे फिरकीचा पुरेपूर मोबदला मिळतो. तिथे अतिवेगवान कॅमेरे होते, चेंडू सुटतानाचा बोटांचा अखेरचा स्पर्श उलगडून दाखवणारे. त्यात पाहून व्हर्लँडरने आपला बिनसलेला स्लायडर सुधारला. उंच राहणारा फास्टबॉल आणि त्याच वाटेने येऊन शेवटी खाली-बाजूला निसटणारा स्लायडर अशी जोडी जमली, आणि सप्टेंबरमध्ये पाच सामने, पाच विजय, ३४ डावांत ४३ स्ट्राइकआउट आणि १.०६ ईआरए अशी नोंद झाली. पारखण्यातला हा दुसरा आनंद: गुण ओळखणे ही एक पायरी, आणि तो गुण कोणत्या हवेत फुलेल हे आधीच जाणणे ही तिच्यावरची.

विकणाऱ्याच्या बाजूने वाचल्याशिवाय सौद्याची चव पुरी होत नाही. डेट्रॉइटचा मोसम तेव्हा हाताबाहेर गेला होता. अखेरीस त्यांचे ९८ पराभव झाले. बदल्यात त्यांना मिळाले एकोणीस वर्षांचा पिचर फ्रँकलिन पेरेझ, आउटफिल्डर डॅझ कॅमेरॉन आणि कॅचर जेक रॉजर्स. उमलते खेळाडू घेणे म्हणजे अढी लावण्यापूर्वीची आंब्याची पेटी घेणे. वास येतो, रंग धरायची चिन्हे दिसतात, पण कोणता पिकेल आणि कोणता आतून डागी निघेल हे देठ हुंगून सांगता येत नाही. वरून डेट्रॉइटने पुढल्या दोन वर्षांच्या पगारातले दरसाल ८० लाख डॉलर आपणच भरायचे कबूल केले. विकणाऱ्याने पैसेही द्यावेत हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. पण खरेदीदाराचे ओझे हलके केले की पेटीत अधिक निवडक फळ मागता येते, हा त्यामागचा हिशेब. पुढे पेरेझला दुखापतींनी ग्रासले, कॅमेरॉन मेजर लीगमध्ये पोचला पण रुजला नाही, रॉजर्स मात्र डेट्रॉइटचा कॅचर म्हणून स्थिरावला.

आणि मग घड्याळ. सौद्यांची ३१ जुलैची नेहमीची मुदत ह्यूस्टनने मोठा पिचर न घेताच जाऊ दिली, तेव्हा संघातल्या डॅलस कायकेलने आपली निराशा उघडपणे बोलून दाखवली. पुढचा ऑगस्ट संघाला जड गेला: ११ विजय, १७ पराभव. त्या काळच्या नियमानुसार ऑगस्टमध्ये खेळाडू देण्याआधी त्याचे नाव सर्व क्लबांपुढे फिरवावे लागे, आणि कोणीही त्याच्यावर हक्क सांगू शके. व्हर्लँडरचे नाव असे फिरले, आणि कोणीही हात वर केला नाही, ह्यूस्टननेसुद्धा नाही! पूर्ण पगाराच्या ओझ्यासकट तो कुणालाच नको होता. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, खेळवायचे तर खेळाडू ३१ ऑगस्टपर्यंत संघात हवा, म्हणून ती मध्यरात्र निर्णायक. त्यात मेजर लीगमध्ये दहा वर्षे आणि शेवटची सलग पाच एकाच क्लबकडे घालवलेल्या खेळाडूला सौदा नाकारण्याचा अधिकार असतो. म्हणजे दोन्ही क्लबांचे जमले तरी होकार व्हर्लँडरचाच हवा. ह्यूस्टन शहर तेव्हा हार्वी चक्रीवादळाच्या पुरात होते, संघ आपले घरचे सामने फ्लोरिडात खेळत होता. होकार आला, आणि मुदत संपायला दोन सेकंद असताना सौदा पुरा झाला असे सांगतात.

जाणत्या रसिकाला इथे त्याच्याही ३० वर्षांपूर्वीचा एक प्रतिध्वनी ऐकू येतो. १९८७ च्या ऑगस्टमध्ये याच डेट्रॉइटने, तेव्हा खरेदीदार म्हणून, छत्तिशीतला डॉयल अलेक्झांडर अटलांटाकडून घेतला होता. तो ९-० असा खेळला, ईआरए १.५३, टोरांटोला मागे टाकून डेट्रॉइटने शेवटच्या दिवशी विभाग जिंकला. प्लेऑफमध्ये मात्र मिनेसोटाने त्यांना गारद केले. बदल्यात अटलांटाला गेलेला वीस वर्षांचा मुलगा म्हणजे जॉन स्मोल्ट्झ, जो १९९६ चा साय यंग घेऊन २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोचला. हा सौदा आंधळेपणाचा नमुना म्हणून सांगतात, पण आपण जरा थांबून वाचावे. त्या सप्टेंबरात डेट्रॉइटला जे हवे होते ते नेमके मिळाले होते. फक्त त्याची किंमत पुढली वीस वर्षे हप्त्याहप्त्याने चुकती होत राहिली. वर्तमानाचा भाव भविष्यात मोजायचा असतो, हेच या व्यवहाराचे मूळ नाट्य.

ह्यूस्टनच्या वाट्याला त्या नाट्याचा उजळ अंक आला. १४ ऑक्टोबरला न्यू यॉर्क यँकीजविरुद्धच्या मालिकेत व्हर्लँडरने पूर्ण नऊ डाव टाकले: १२४ चेंडू, १३ स्ट्राइकआउट, एकच धाव. नवव्या डावाच्या उत्तरार्धात सहकारी कार्लोस कोरियाच्या फटक्यावर दुसरा सहकारी होजे अल्टुवे पहिल्या बेसवरून थेट घरापर्यंत धावत आला आणि सामना २-१ असा संपला. सहाव्या सामन्यात आणखी सात डाव, धाव शून्य; त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र त्याच्या नावावर एकही विजय नाही. तरी १ नोव्हेंबरला सातवा सामना जिंकून अ‍ॅस्ट्रोजने पहिले विजेतेपद मिळवले. त्या विजेतेपदावर डाग आहे, तो झाकून रसग्रहण होत नाही. कॅमेऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरून, कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या बॅटरांना इशारे दिल्याबद्दल २०२० मध्ये क्लबला ५० लाख डॉलर दंड झाला, आणि व्यवस्थापक व महाव्यवस्थापक निलंबित झाले. तो अपराध बॅटिंगचा होता. पण चषक बॅटर आणि पिचर दोघांचा एकच, म्हणून त्याकडे पाहताना आनंदात थोडी कडवट चव राहणारच.

पिचरच्या पारखीवरचा विश्वास मात्र पुढल्या वर्षांनी पक्का केला. २०१९ मध्ये व्हर्लँडरने २१ विजय, ३०० स्ट्राइकआउट आणि दुसरा साय यंग मिळवला. त्याच मोसमात त्याने ३६ होमरनही दिले, कारण उंच फास्टबॉल चुकला की सरळ प्रेक्षकांत जातो, आणि ही जोखीम त्या कलेच्या अंगचीच आहे. २०२२ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, तिसरा साय यंग आला. जुलै सरत आला की बेसबॉलच्या वर्तमानपत्री पानांवर उपलब्ध पिचरांच्या याद्या पुन्हा झळकतील, प्रत्येक नावापुढे एक दशांश अंक असेल, आणि शर्यतीतल्या क्लबांचे चाहते त्यावरून भांडतील. आपणही त्या भांडणात खुशाल उतरावे, पण अंक वाचून थांबू नये: त्यामागची रेषा चढती की उतरती, चेंडू हवेत कसा वागतो, आणि तो ज्या घरी जाणार तिथे त्याचे काय करायचे हे कुणाला ठाऊक आहे, हे तीन प्रश्न जवळ बाळगले की कोरडी यादीही वाचनीय होते, आणि सौदा जमो वा फिसकटो, पारखण्याचे सुख आपल्या पदरात पडलेलेच असते.