वर, अट आणि हसू

मुलांच्या वाचनाची काळजी वाहणाऱ्या सुशिक्षित घरांत विनोदी अद्भुत कादंबरीला अजून ओसरीवरच बसवून ठेवण्याची चाल आहे. थोरांची चरित्रे, विज्ञानाची सुबोध पुस्तके, बोधकथा यांना सन्मानाने माजघरात घेतले जाते. बोलणारे प्राणी, उडत्या सतरंज्या आणि इच्छा पुऱ्या करणारी नाणी यांनी भरलेले पुस्तक मात्र सुटीपुरते, आजारपणापुरते किंवा प्रवासापुरते चालते. त्यात ते हसवणारे असेल, तर त्याची योग्यता आणखीच खाली जाते. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने हसत हसत वाचले, त्या अर्थी त्यात शिकण्याजोगे काही नसणार, असे अनुमान आपण नकळत काढून मोकळे होतो.

या अनुमानामागे दोन आक्षेप आहेत. जादूने सारे काही घडू शकते, म्हणून अशा कथा वाचणारे मूल श्रमाला विन्मुख होते, हा पहिला. विनोदामुळे संकटाचे गांभीर्य उरत नाही, हा दुसरा. दोन्ही आक्षेप वाईट पुस्तकांना पुरेपूर लागू पडतात, हे आम्हांस मान्य आहे. परंतु या प्रकारातील उत्तम पुस्तके पाहिली, तर नेमकी उलट गोष्ट दृष्टीस पडते. विनोदी अद्भुत कादंबरी हा बालवाङ्मयातील सर्वांत कडक शिस्तीचा प्रकार आहे. तिच्यातील जादू अटीने बांधलेली असते. आणि तिच्यातील हसू त्या अटीतूनच जन्म घेते, असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे मराठी वाचकास परके वाटू नये. भस्मासुराची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवीन तो भस्म व्हावा, असा वर त्याने मागितला आणि त्याला तो शब्दशः मिळाला. त्या शब्दांत त्याच्या स्वतःच्या मस्तकाचा अपवाद केलेला नव्हता. तेवढ्यावर मोहिनीने त्याला नाचवले आणि संपवले. वेताळपंचविशीतही तोच प्रकार आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळणार. राजा बोलतो, वेताळ उडतो, राजा निमूटपणे पुन्हा झाडाकडे वळतो. या पुनरावृत्तीला मूल दर वेळी हसते आणि दर वेळी पुढील कोड्यासाठी कान टवकारते. येथे अट काढून टाका; प्रेत खांद्यावर घेऊन रात्रभर चालणारा एक राजा तेवढा उरेल.

याच जातीची दृष्टी घेऊन ईडिथ नेस्बिट (१८५८–१९२४) या इंग्रज लेखिकेने १९०२ साली ‘फाइव्ह चिल्ड्रन अँड इट’ ही कादंबरी लिहिली. लंडन सोडून केंट परगण्यातील एका एकाकी घरी राहावयास आलेल्या पाच भावंडांना जवळच्या खाणीत वाळू उकरताना एक प्राणी सापडतो. त्याचे डोळे गोगलगायीसारखे लांब शिंगांच्या टोकांवर, कान वटवाघळाचे, अंग केसाळ व गोलमटोल, हातपाय माकडाचे, आणि स्वभाव सकाळी चहा न मिळालेल्या वृद्धासारखा. हा ‘सॅमिअॅड’ इच्छा पुऱ्या करतो. पण कुरकुरत, अंग फुगवून, फार कष्टाने करतो. आणि त्याने दिलेले सारे काही सूर्यास्ताबरोबर नाहीसे होते.

या एका अटीवर लेखिकेने सारा ग्रंथ उभारला आहे. मुले प्रथम सौंदर्य मागतात. ते मिळते, परंतु घरची दाई त्या अनोळखी देखण्या मुलांस दारात उभे करीत नाही आणि त्यांना सूर्य मावळेपर्यंत उपाशी हिंडावे लागते. मग ती सोने मागतात. खाण मोहरांनी भरून जाते, पण त्या मोहरा चलनातून गेलेल्या असल्याने एकही दुकानदार त्या घेत नाही आणि प्रकरण अखेर पोलीस ठाण्यापर्यंत जाते. पंख मिळतात, तेव्हा दिवसभर उडून दमलेली मुले एका चर्चच्या उंच मनोऱ्यावर झोपी जातात. जागी होतात तेव्हा सूर्य गेलेला असतो, पंखही गेलेले असतात आणि खाली जाण्याचे दार बंद असते. तान्हा भाऊ मोठा व्हावा असे वैतागाने कोणी बोलून जाते, तोच तो मिशीवर बोट फिरवू पाहणारा ऐटबाज तरुण होतो, आणि थोरल्या भावंडांना त्या तरुणामागे दाईसारखे धावावे लागते.

यात हसू कोठून येते ते पाहावे. लेखिकेने विदूषकी चेष्टा कोठेही घातलेली नाही. मुलांनी वापरलेला शब्द आणि त्यांच्या मनातला अर्थ यांत जे अंतर असते, त्या अंतरातून हसू येते. तेच अंतर संकटही निर्माण करते. मनोऱ्यावर अडकलेली मुले वाचकाला हसवतात आणि त्याच क्षणी घाबरवतातही. कारण शिडी जादूने येणार नाही, हे वाचकाला पक्के ठाऊक असते. आता उरते ते ओरडणे, खाली जमलेल्या माणसांस तोंड देणे, आणि पाद्र्याच्या फडताळातून उचललेल्या जेवणाचा जाब देणे. ते जेवण घेताना मुलांनी पैसे आणि चिठ्ठी ठेवलेली असते. म्हणजे जादूच्या दिवशीही त्यांची सदसद्विवेकबुद्धी रजेवर नसते. ज्या आक्षेपकास जादूने मूल आळशी होते असे वाटते, त्याने हे प्रकरण वाचावे. येथे जादू मुलांचे काम हलके करीत नाही. ती नवीन कामे अंगावर टाकते.

नेस्बिट ही १८८४ साली स्थापन झालेल्या फेबियन सोसायटीच्या संस्थापक सभासदांपैकी एक होती, ही गोष्ट तिचा विनोद समजण्यास उपयोगी पडते. कादंबरीच्या शेवटी तो प्राणी मुलांना बजावतो की, मोठ्या माणसांना माझ्याविषयी सांगू नका; ती मंडळी चढत्या दराचा प्राप्तिकर, वृद्धांना निवृत्तिवेतन असल्या रुक्ष गोष्टी मागतील, आणि त्या सूर्यास्तानंतरही टिकवून धरतील. मूल येथे हसते ते मोठ्यांच्या नीरसपणाला. मोठा वाचक हसतो ते वेगळ्याच कारणाने: त्या रुक्ष गोष्टी लेखिकेला खरोखरच हव्या होत्या, आणि ब्रिटनमध्ये वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १९०८ साली झालाही. एकच वाक्य दोन वयांना दोन प्रकारे हसवते, परंतु मुलाच्या डोक्यावरून ते जात नाही. उत्तम बालविनोदाची ही खूण आम्ही मानतो.

या ग्रंथात दोष नाहीत असे नव्हे. जिप्सी आणि अमेरिकेतील आदिवासी यांची चित्रे त्या काळच्या स्वस्त कादंबऱ्यांतून उचललेली आहेत, आणि नोकरचाकरांविषयीचा विनोद आज खटकतो. विशेष म्हणजे हे दोष नेमके जेथे लेखिका स्वतःची दृष्टी सोडून ऐकीव साच्यांवर विसंबते, तेथेच आढळतात. घरात पुस्तक मोठ्याने वाचताना या जागी थांबून मुलांशी दोन शब्द बोलावेत. तेवढ्यासाठी पुस्तक दूर सारण्याचे कारण नाही.

नेस्बिटचा धडा ज्यांनी नीट गिरवला त्यांत एडवर्ड ईगर या अमेरिकन लेखकाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्याच्या ‘हाफ मॅजिक’ (१९५४) या कादंबरीतील चार भावंडे ग्रंथालयातून नेस्बिटचीच पुस्तके आणून वाचतात, आणि अशी जादू आपल्या वाट्याला का येत नाही म्हणून हळहळतात. त्यांना रस्त्यात एक नाणे सापडते. ते इच्छा पुरी करते, परंतु निम्मीच. आग लागावी असे म्हणताच मुलांच्या खेळातले लहानसे घर पेटते. मांजराने बोलावे असे म्हणताच ते अर्धवट बोलू लागते, आणि त्याची ती बडबड कोणालाही कळत नाही. काही न कळता ते नाणे बरोबर नेलेली आई घरी असते तर बरे असे म्हणते, आणि निम्म्या वाटेवर, भर रस्त्यात उभी राहते. मग मुले हिशेब करू लागतात: हवे त्याच्या दुप्पट मागावयाचे. हे ऐकावयास सोपे. परंतु घरी जाण्याची दुप्पट म्हणजे काय, शूर होण्याची दुप्पट म्हणजे काय? अपूर्णांकांचे गणित ज्या वयात मुलाला छळते, त्याच वयात ते गणित येथे साहसाचे हत्यार होते. शाळेतील पाटीवरचा अर्धा आणि या नाण्याचा अर्धा एकच आहे, हे ज्या क्षणी मुलाला उमगते, त्या क्षणीच्या त्याच्या हसण्यात बुद्धीचा वाटा मोठा असतो.

याच पुस्तकातील एक स्थळ आपल्याकडील भाषांतरकारांनी मुद्दाम पाहण्याजोगे आहे. भावंडांतील मुलगा निर्जन बेट मागतो. इंग्रजीत निर्जन बेटाला जे दोन शब्द आहेत, त्यांतील पहिल्याचा अर्थ वाळवंट असाही होतो; तेव्हा निम्मी इच्छा पुरी होऊन मुले बेटाऐवजी सहारात जाऊन पडतात. मराठीत ‘निर्जन बेट’ अर्धे केले तर वाळवंट हाती लागत नाही. येथे शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार फसणार, आणि तळटीप देणारा हसू मारून टाकणार. ज्याला अट समजली आहे तो मात्र मराठीत दुसरा असा जोडशब्द शोधील, की जो मधोमध तोडला असता मुले भलत्याच ठिकाणी पोहोचतील. या प्रकारच्या ग्रंथांत भाषांतर करावयाचे असते ते अटीचे.

लुईस कॅरलच्या ‘अॅलिस’चे (१८६५) उदाहरण देऊन कोणी विचारील की, तेथे तर सारा गोंधळच आहे, मग अट कोठे गेली? आमचे उत्तर असे की, तो गोंधळ ऑक्सफर्डमध्ये गणित शिकवणाऱ्या गृहस्थाचा आहे. तेथील प्राणी विवेकशून्य नाहीत. उलट शब्दाचा अर्थ ते इतका काटेकोर धरतात की अॅलिसला वेड लागण्याची पाळी येते. दुसऱ्या भागात तर साऱ्या प्रवासाला बुद्धिबळाच्या पटाचा आधार आहे, आणि प्यादे म्हणून निघालेली अॅलिस आठव्या घरात पोहोचून राणी होते.

आता अलीकडील एक ग्रंथ. मुंबईत जन्मलेल्या सलमान रश्दी यांनी १९८९ साली त्यांच्याविरुद्ध मृत्यूचा फतवा निघाल्यानंतर, अज्ञातवासाच्या काळात, आपल्या मुलासाठी ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ ही कादंबरी लिहिली. ती १९९० साली प्रसिद्ध झाली. गोष्टी सांगणाऱ्या बापाची वाणी एकाएकी आटते आणि ती परत आणण्यासाठी मुलगा कहाणी नावाच्या चंद्रावर जातो. तेथे एका बाजूस अखंड उजेडातले गुप, दुसऱ्या बाजूस अखंड अंधारातले चुप. आणि कथांच्या सागरात विष कालवणाऱ्या खलनायकाचे नाव खतम-शुद. ही नावे समजण्यासाठी इंग्रज मुलाला पुस्तकाच्या शेवटी दिलेला खुलासा पाहावा लागतो. मराठी मूल वाचता वाचताच हसते.

हारूनला एक व्यथा आहे. आई अकरा वाजता घर सोडून गेली. तेव्हापासून अकरा मिनिटांपलीकडे त्याचे मन कशावर ठरत नाही. आरंभी ही गोष्ट काहीशी गमतीची वाटते. पुढे इच्छापूर्तीचे पाणी त्याच्या हाती येते, तेव्हा अट अशी असते की मन एकाग्र ठेवले पाहिजे. आणि तो पहिल्या वेळी हरतो. दुसऱ्या वेळी आपले दुःख बाजूला ठेवून तो चंद्र फिरावा अशी इच्छा धरून बसतो. चंद्र फिरतो, उजेड अंधाऱ्या बाजूवर पडतो आणि सावल्यांचे राज्य वितळते. ज्या गोष्टीला आपण हसलो, तीच गोष्ट मुलाला ओलांडावयाचा उंबरठा ठरली. मात्र याच ग्रंथात, यंत्रे कशी चालतात असे हारूनने विचारले की ते समजावून सांगणे फार कठीण आहे असे उत्तर वारंवार मिळते. ही थट्टा पहिल्यांदा गोड लागते. पुढे पुढे ती लेखकाच्या सोयीची वाटू लागते. अट सांगण्याचे टाळले की संकटाची धार कमी होते, हे इतक्या समर्थ लेखकाच्या बाबतीतही खरे ठरते.

मग सामान्य लेखकाची कथा काय सांगावी? नायक अडचणीत आला की नवी कांडी निघते, ती मोडली की नवा मित्र उगवतो, आणि मध्ये मध्ये कोणी तरी घसरून पडते. असल्या पुस्तकांत काहीही घडू शकते. म्हणून काही घडले तरी मुलाला त्याचे काही वाटत नाही. धोका खोटा असला की विनोदही खोटा होतो. मूल हे फार लवकर ओळखते. ते असले पुस्तक टाकून देते, आणि आपण म्हणतो की त्याला वाचनाची गोडी नाही.

आपल्याकडे भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी बनेश फेणे हा किडकिडीत, सायकलवर वाऱ्यासारखा सुटणारा मुलगा मराठी मुलांना दिला. त्याच्या साहसांत जादू नाही. परंतु नियम आहेत. सायकल धावेल तेवढीच धावते, लहान मुलाचे बळ लहान मुलाएवढेच राहते, आणि म्हणून त्याच्या युक्तीला किंमत येते. साहस आणि हसू यांचा हा संसार मराठीत सुखाने नांदू शकतो, हे फास्टर फेणेने सिद्ध केले आहे. अटीने बांधलेल्या अद्भुताचे बीज तर भस्मासुरापासून, आणि घेतलेला वसा सांभाळावयास सांगणाऱ्या श्रावणातील कहाण्यांपासून आपल्या घरातच आहे. दोहोंचा मिलाफ करणाऱ्या लांब, ऐसपैस कादंबऱ्या अधिक संख्येने याव्यात, ही आमची इच्छा आहे. ती सूर्यास्ताबरोबर संपू नये.

तोपर्यंत पालकांनी पुस्तक निवडताना त्यात बोध कोणता हे विचारण्याऐवजी दोन निराळे प्रश्न विचारावेत. यातील जादूला काय करता येत नाही? आणि ते करता येत नाही म्हणून मुलांना स्वतः काय करावे लागते? या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या पुस्तकात स्पष्ट सापडतात, त्याला ओसरीवर ताटकळत ठेवण्याचे काही कारण नाही. आपल्या तोंडून गेलेला शब्द खरा झाला तर काय होईल, याचा विचार करावयास ते मुलाला शिकवते. आणि तेही हसत हसत. मोठेपणी त्याला वर मागण्याचे प्रसंग येतीलच. तेव्हा शब्द जपून वापरण्याची सवय अगोदर लागलेली बरी.