वाणीच्या अध्यापकांचे त्रैमासिक

नियतकालिकाचा इतिहास त्याच्या संपादकीयांपेक्षा मुखपृष्ठावरील नावात कधीकधी अधिक स्पष्टपणे वाचावयास मिळतो. अमेरिकेतील ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ पब्लिक स्पीकिंग’ हे याचे बोलके उदाहरण होय. १९१४ च्या नोव्हेंबरात शिकागो येथे वक्तृत्व शिकविणाऱ्या १७ अध्यापकांनी इंग्रजी अध्यापकांच्या परिषदेतून बाहेर पडून आपली स्वतंत्र संस्था स्थापिली. इंग्रजी विभागात निबंधाला मान आणि भाषणाला दुय्यम स्थान, हे त्यांचे शल्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी जेम्स ओ'नील यांच्या संपादकत्वाखाली हे त्रैमासिक काढले.

पहिल्या दोन वर्षांचे अंक हाच या नियतकालिकाचा सर्वांत जिवंत भाग आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कॉर्नेलचे जेम्स विनान्स यांनी आरंभीच संशोधनाची निकड प्रतिपादिली. विद्यापीठाच्या पंक्तीस बसावयाचे तर हाच मार्ग, असा त्यांचा व्यवहारी अभिप्राय होता. इलिनॉयचे चार्ल्स वूलबर्ट यांनी त्यापुढे जाऊन भाषणाचे स्वतंत्र शास्त्र उभारावे, त्यास मानसशास्त्राचा व शरीरशास्त्राचा आधार द्यावा, असा आग्रह धरला. यास उत्तर दिले ते दक्षिण डाकोटातील एका लहानशा महाविद्यालयातील एव्हरेट ली हंट यांनी. वक्तृत्वाचा अध्यापक हा मुळात बहुश्रुत असावा, सार्वजनिक प्रश्नांवर विचार करण्यास त्याने विद्यार्थ्यास शिकवावे. विशेषज्ञतेच्या नादात हेच निसटेल, अशी त्यांची भीती होती. मोठ्या विद्यापीठातील पंडित आणि आडगावचा मास्तर एकाच पत्रात समान आसनावर बसून वाद घालीत आहेत, हे दृश्य विरळा.

यानंतर नावाची कथा सुरू होते. १९१८ मध्ये नावातून ‘पब्लिक’ हा शब्द गेला आणि ‘स्पीच एज्युकेशन’ आले. १९२८ मध्ये ‘एज्युकेशन’ही गेले, उरले केवळ ‘स्पीच’. याला कारणे होती. उच्चारदोषांची चिकित्सा, नाट्यशिक्षण, ध्वनिशास्त्र अशा अनेक शाखा त्या छत्राखाली आल्या होत्या आणि जुने नाव त्यांना अपुरे पडत होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘सार्वजनिक’ आणि ‘शिक्षण’ हेच दोन शब्द गळावेत, हा योगायोग हंटसाहेबांना खचित बोचला असेल!

१९३४ मध्ये प्रबंधांसाठी ‘स्पीच मोनोग्राफ्स’ निघाले. १९५२ मध्ये ‘द स्पीच टीचर’ हे वेगळे पत्र काढावे लागले. ज्या संस्थेची स्थापनाच अध्यापकांनी केली, तिला ३८ वर्षांनी अध्यापकांसाठी स्वतंत्र घर बांधावे लागावे, यात सोय असेल, परंतु मूळ घरात त्यांची खोली उरली नव्हती याची ती कबुलीही आहे. आणि तेथेही तीच गत झाली. १९७६ मध्ये ‘टीचर’ जाऊन ‘कम्युनिकेशन एज्युकेशन’ हे नाव आले. पुढे त्यात अध्यापनाविषयीचे संशोधन, त्यातही पुष्कळदा प्रश्नावल्या आणि संख्याशास्त्र, यांनी जागा व्यापली. साहजिकच वर्गात उद्या काय करावे हे सांगण्यासाठी ‘कम्युनिकेशन टीचर’ हे आणखी एक पत्र आवश्यक ठरले.

संशोधनावाचून हे विभाग विद्यापीठांत टिकलेच नसते, असा प्रतिवाद कोणी करील. तो खरा आहे. विनान्स यांचा अंदाज चुकला नाही. आमचा आक्षेप संशोधनावर नाही, वाटणीवर आहे. आपल्याकडील आंतरशालेय वक्तृत्वस्पर्धा पाहाव्या. भाषण गुरुजींनी किंवा वडिलांनी लिहिलेले, मुलाने पाठ केलेले, परीक्षक हातवाऱ्यांना गुण देणार. हे वक्तृत्व आहे की पाठांतर, हा प्रश्न शिक्षकाचा. परंतु त्याचे उत्तर शास्त्रावाचून मिळणार नाही. असा प्रश्न मांडावयाचा तर तो कोणत्या पत्रात पाठवावा? पंडितांच्या पत्रास तो किरकोळ वाटेल. शिक्षकांच्या पत्रात त्याचा पाठ तयार होईल: उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. ‘कम्युनिकेशन टीचर’मधील असे पाठ नीटनेटके असतात, उपयोगीही पडतात, मात्र मुलाने मुळात कशाविषयी आणि का बोलावे, हा हंट यांचा वाद त्या आराखड्यात कोणत्याच रकान्यात बसत नाही.