दोन मिलिग्रॅम ओल

कंपन्यांच्या जन्मकथा आणि देवस्थानांची स्थळपुराणं एकाच घाटाची असतात. आधी संकट, मग साक्षात्कार, आणि पुढे जे उभं राहिलं ते उभं राहणारच होतं असा सूर. म्हणून असल्या कथा मी जरा संशयानेच वाचतो. तरी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या ल्युपोल्ड या दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीची कथा मला पुन्हापुन्हा वाचावीशी वाटते. ती जेमतेम तीन-चार वाक्यांची आहे. संस्थापकाचा मुलगा मार्कस ल्युपोल्ड हरणाच्या शिकारीला गेला. ऐन वेळी रायफलवरच्या दुर्बिणीत वाफ धरली आणि हरीण हातचं गेलं. यापेक्षा चांगली दुर्बीण मी स्वतः बनवीन, असं तो वैतागून ओरडला. १९४७ साली कंपनीची ‘प्लेन्समन’ ही रायफलवरची दुर्बीण बाजारात आली.

या कथेत सगळ्यात आधी आवडतो तो मार्कसचा राग. सावज गेलं की माणूस पावसाला बोलतो, नशिबाला बोलतो, सोबत्याला बोलतो. मार्कस दुर्बिणीला बोलला. शिवाय कथा एक गोष्ट न सांगता सांगून जाते. बाहीने पुसून जाणारी वाफ असती, तर तो पुसून मोकळा झाला असता आणि कथेला विषयच उरला नसता. म्हणजे वाफ काचेच्या आतल्या अंगाला धरली होती, जिथे बोट पोचत नाही. थेंब बाहेर असोत वा नसोत, ओल आत होती. पावसात दुर्बीण कोरडी कशी ठेवायची या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच आहे, आणि ते पावसाबद्दलचं नाही.

ऑरेगनमधल्या पोर्टलंडहून समुद्राकडे निघालं की कोस्ट रेंजचे डोंगर लागतात. त्यांच्या काही भागांत वर्षाला २५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपल्या कोकणाच्या तोडीचा. फक्त तो थंडीतला पाऊस. डग्लस फरची उंच झाडं, खाली नेच्याचं दाट रान, आणि त्यात काळ्या शेपटीचं हरीण. ते मोकळ्यावर फार वेळ थांबत नाही. शिकारीचा हंगाम शरदातला, म्हणजे नेमका पाऊस सुरू होण्याचा. अशा जागी दुर्बीण दहा सेकंद आंधळी झाली तरी दिवस वाया जातो. त्या काळात पाऊस लागला की बरेच शिकारी दुर्बीण उतरवून ठेवत आणि नळीवरच्या साध्या लोखंडी साइटने नेम धरत.

कथेच्या बाहेर राहिलेला एक तपशील कळला की तिची चव बदलते. १९०७ मध्ये ही कंपनी सुरू झाली ती जमीनमोजणीची यंत्रं दुरुस्त करायला. पुढे जे. सी. स्टीव्हन्स नावाचा जलअभियंता भागीदार झाला आणि नद्यांची पातळी नोंदवणारी यंत्रं हा तिचा मोठा धंदा बनला. पाण्यावर तरंगता फ्लोट, त्याला कप्पीवरून दोरी आणि सरकत्या कागदावर रेघ ओढणारं पेन. ज्या कारखान्यात पाणी किती चढलं याचा हिशेब ठेवणारी यंत्रं बनत होती, त्याच कारखान्याने पाणी बाहेर ठेवणारी नळी बनवली. हा योगायोग कंपनीने आपल्या पुराणात ठळक केला नाही याचं मला नवल वाटतं. कुठल्याही कथेकऱ्याने हा धागा सोडला नसता.

आता त्या नळीच्या आत शिरू, कारण खरं नाट्य तिथे आहे. दुर्बिणीच्या आत साधारण १०० मिलिलिटर हवा आहे असं धरू. ही दुर्बीण जुनी आहे, सांध्यांतून थोडी गळते, आणि रात्री ती शिकाऱ्याच्या लाकडी खोपटात टांगलेली आहे. आत शेगडी पेटलेली, दोरीवर ओले कपडे वाळत घातलेले. तापमान २५ अंश, आर्द्रता ८० टक्के. अशा हवेत दर घनमीटरला साधारण १८ ग्रॅम पाणी बाष्परूपात असतं. म्हणजे आपल्या नळीत जेमतेम दोन मिलिग्रॅम. पहाटे शिकारी बाहेर पडतो, बाहेर ५ अंश. त्या तापमानाला घनमीटरभर हवेत सातेक ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प मावत नाही. नळीतलं मिलिग्रॅमभर पाणी जादा होतं आणि मिळेल त्या थंड पृष्ठभागावर उतरतं. मिळणारा पृष्ठभाग म्हणजे भिंग. हे सगळं पाणी गोळा केलं तर टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान थेंब होईल. पण ते गोळा होत नाही. ते हजारो सूक्ष्म थेंबांत विखुरतं, प्रत्येक थेंब प्रकाश आपापल्या दिशेला फेकतो, आणि समोरचं हरीण दुधात विरघळतं.

याहून क्रूर गोष्ट पुढे घडते. २५ अंशांवरून ५ अंशांवर येताना आतली हवा जवळजवळ सात टक्क्यांनी आकसते. नळी गळकी असेल तर तेवढी जागा भरायला बाहेरून हवा आत ओढली जाते, आणि सांध्यावर पावसाच्या पाण्याचा पापुद्रा बसलेला असेल तर हवेऐवजी ते पाणीच आत ओढलं जातं. रात्री पुन्हा शेगडीची ऊब, हवा फुगून बाहेर. पाणी मात्र आतच. रोज थोडं थोडं. पावसाने दुर्बिणीवर चाल करून यावं लागत नाही. दुर्बीण स्वतः त्याला आत घेते. हातातल्या जुन्या धाटणीच्या दुर्बिणीत, जिथे मधलं चाक फिरवलं की डोळ्याकडच्या नळ्या पुढेमागे सरकतात, हा श्वासोच्छ्वास तर प्रत्येक वेळी फोकस करताना होतो. समुद्रावरच्या कित्येक दुर्बिणींना मधलं चाकच नसतं, दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगळा लावावा लागतो. ते गैरसोयीचं वाटतं, पण सरकता भाग जितका कमी, तितकी बंदिस्ती सोपी.

यावरचा उपाय ऐकायला भारदस्त आहे: आतली हवा काढून नायट्रोजन भरायचा. नौदलाच्या पेरिस्कोपमध्ये ही रीत मुरलेली होती; शिकाऱ्याच्या रायफलवर ती आणण्याचं मोठं श्रेय ल्युपोल्डला जातं. पण जाहिरातींत नायट्रोजनला जे वलय दिलं जातं त्याबद्दल माझी तक्रार आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नळीत भरलेल्या वायूचा गुण तो नायट्रोजन असण्यात फारसा नाही, तो कोरडा असण्यात आहे. त्याच्यात बाष्प नाही, म्हणून दव पडायला काही उरलेलं नाही. हल्ली आर्गॉन भरतात, कुठे त्यात क्रिप्टॉनही मिसळतात, कारण मोठे अणू सावकाश निसटतात असं सांगितलं जातं. असेल. पण सील फुटलं की तिन्ही वायू सारखेच निरुपयोगी.

आणि सील म्हणजे रबराची एक कडी, ओ-रिंग. आपल्या कुकरच्या झाकणातली रिंग आठवली तरी पुरे. तत्त्व तेच, दाब पडला की रबर फटीत अधिक घट्ट बसतं. नील्स क्रिस्टनसेन या डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या यंत्रज्ञाने १९३७ साली, वयाची सत्तरी उलटल्यावर, तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते १९३९ मध्ये मंजूर झालं आणि महायुद्धात अमेरिकी सरकारने ही कडी सगळ्या कारखानदारांना खुली केली. या कडीची मर्यादाही जगाने पाहिली आहे: थंडीत रबर ताठरतं. २८ जानेवारी १९८६ च्या गारठलेल्या सकाळी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं ते अशाच कड्या वेळेवर फटीत न बसल्यामुळे, आणि रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या बैठकीत अशा कडीचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून ते सगळ्यांसमोर दाखवलं. दुर्बिणीवर एवढी वेळ येत नाही. तिच्या कड्या दमतात त्या वापराने: नेम जुळवायच्या स्क्रूंपाशी, झूमच्या कड्यापाशी, जिथे जिथे काही फिरतं तिथे. कारखान्यात दुर्बीण कोमट पाण्यात बुडवून पाहतात. आतला वायू तापून फुगतो आणि कुठे फट असेल तर तिथून बुडबुड्यांची माळ निघते. दुर्बिणीने आपला दोष स्वतः बोट दाखवून सांगावा अशी ही चाचणी मला फार देखणी वाटते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषय मिटला, पण काचेचा मिटला नाही. आंबोलीच्या पावसात बेडूक आणि साप पाहायला जाणाऱ्यांना, पक्षी टिपणाऱ्यांना तो रोज भेटतो, फक्त उलट्या अंगाने. तिथे काच आणि हवा बहुधा सारख्याच तापमानाला असतात, त्यामुळे आत दव पडण्याचा प्रश्न कमी. धुरकटतं ते एसी गाडीतून उतरताच, आणि तेही बाहेरून: थंड काच, दमट हवा. दहा मिनिटं थांबलं की आपोआप निवळतं. आपला खरा शत्रू बुरशी. आठवडेच्या आठवडे ओल टिकली की भिंगावर तिची जाळी पसरते आणि तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो. ऑरेगनच्या शिकाऱ्याची काच तासाभरासाठी आंधळी होते, सह्याद्रीतल्या माणसाची कायमची. म्हणून इकडे घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, हेच पावसाळ्यातलं देवघर.

बाहेरच्या काचेकडे वळलं की आणखी एक गंमत दिसते. पाण्यावरचे दोन उपाय एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. पाणबुडे मुखवट्याच्या काचेवर थुंकी चोळतात. तिने पाणी थेंब न होता सपाट पसरतं आणि पसरलेल्या पातळ थरातून आरपार दिसतं. दुर्बिणींचे कारखानदार उलट करतात, काचेवर पाण्याला नकोसा वाटेल असा लेप देतात, म्हणजे थेंब गोल होऊन घरंगळतो. झाइस कंपनीने आपल्या अशा लेपाचं नाव कमळावरून ठेवलं, लोटुटेक. कमळाच्या पानावरचा थेंब आपल्याकडे अलिप्ततेची उपमा म्हणून इतका वापरून झालाय की ते नाव ऐकून बरं वाटतं. पण उपमा इथे थोडी ताणली आहे. कमळाचं पान पाणी झटकतं ते मेणाबरोबरच आपल्या खरखरीतपणामुळे. पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांवर थेंब जवळजवळ पूर्ण गोल राहतो, त्याचा स्पर्शकोन १५० अंशांच्या पुढे जातो. भिंगाला खरखरीत करणं परवडत नाही, कारण मग तेच प्रकाश विखुरेल. गुळगुळीत काचेवर कितीही उत्तम लेप दिला तरी १२० अंशांच्या आसपास गाडी थांबते. म्हणजे पाणी घरंगळतं, पण काही थेंब चिकटून राहतातच.

राहू द्यावेत. पुढच्या काचेवरचे दोन-चार थेंब डोळ्याला दिसतही नाहीत, इतके ते फोकसच्या बाहेर असतात. प्रतिमा जरा मंदावते एवढंच. मुरलेले शिकारी म्हणूनच थेंबांपेक्षा पुसण्याला घाबरतात. ओल्या शर्टाच्या टोकाने घासलं की धुळीचा कण लेपावर ओरखडा काढतो. ते कोरडं कापड झिपच्या पिशवीत ठेवतात आणि तेही शेवटच्या क्षणासाठी. दुर्बिणीवर सायकलच्या ट्यूबचा कापलेला तुकडा दोन्ही टोकांना ताणून बसवतात. एका झटक्यात निघतो, आणि कुठल्याही महाग झाकणापेक्षा मला तो अधिक पटतो. रायफल खांद्यावर तोंड खाली करून, आणि नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा.

उरते ती डोळ्याकडची काच, आणि इथे कारखान्याचा इलाज चालत नाही. शिकाऱ्याचा स्वतःचा उच्छ्वास त्याच्या तोंडापासून चार बोटांवर असलेल्या थंड काचेवर आदळतो. चढ चढून आलेला माणूस धापा टाकत रायफल खांद्याला लावतो आणि नायट्रोजन, लेप, सगळं असूनही काही दिसत नाही. हातातली दुर्बीण कोरडी राहावी म्हणून जाकिटाच्या आत घातली तर अंगाची दमट ऊब तिच्यावर बसते. पण ती पुरेशी तापली की बाहेर काढल्यावर काही वेळ निर्मळ राहते, कारण आता काच हवेपेक्षा उबदार असते. म्हणून काहीजण ती आत-बाहेर करत नाहीत, दिवसभर एकतर आत किंवा दिवसभर बाहेर. श्वास सोडायचा तो खालच्या ओठाने हनुवटीकडे.

आणि संध्याकाळी परतल्यावर गारठलेली रायफल शेगडीजवळ न्यायची नाही. ती पडवीत, छपराखाली, झाकण काढून टांगायची. सकाळी पुन्हा त्याच थंडीत जायचं असेल तर तिला मधल्या वेळात ऊब द्यायचं काही कारण नाही. शेगडीपाशी वाळायला न्यायचे ते फक्त कपडे आणि बूट.