थट्टेचे कोर्ट

दिवाळसणाला जावई यावयाचा असला म्हणजे आपल्या घरांतून केवढी धांदल उडते, हे वाचकांना मी सांगावयास नको. पहिले उटणे त्याला, चांदीचे ताट त्याच्यापुढे, आणि चकली जरा मऊ पडली तर सासूबाईंचा जीव खालीवर. 'जावई' हा शब्द मराठी घरात इतक्या मानाचा आहे. अशा मानाच्या शब्दाची शिवी कशी होते हे मी एका कचेरीत पाहिले. नुसते पाहिले नाही, तर त्या शिवीला चारचौघांबरोबर हसलोही. म्हणून हा लेख एका नाटकाविषयी असला, तरी त्याची सुरुवात माझ्यापासूनच केली पाहिजे.

१९८० च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शाखेत राखीव जागेवर एक तरुण कारकून आला. त्याचे अक्षर मोत्यासारखे, मसुदा नेमका, आणि नियमांची पुस्तके त्याला तोंडपाठ. तो टेबलाशी येऊन बसला की कोणीतरी म्हणावयाचे, "या, सरकारचे जावई आले!" मग सारे हसत. तोही पहिल्या पहिल्यांदा हसे. तीनचार महिन्यांनी तो हसेनासा झाला. आणखी काही दिवसांनी बैठकीत बोलेनासा झाला. चहा आपल्या टेबलावरच घेऊ लागला. पूर्वी ज्या मसुद्यावर तो स्वतःहून चार सूचना लिहून आणी, त्यावर आता जेवढे विचारले तेवढेच लिही. साहेब म्हणाले, "पोरगा हुशार वाटला होता, पण उत्साह नाही." आम्ही माना डोलावल्या. उत्साह कोणी मारला, हे विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

त्याच वर्षी कचेरीच्या स्नेहसंमेलनासाठी आम्ही विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' बसविले. 'रंगायन'ने १९६७ साली रंगभूमीवर आणलेले हे नाटक तोवर चांगलेच गाजले होते. अरविंद देशपांडे यांचे दिग्दर्शन आणि सुलभाताईंची लीला बेणारे यांची वाखाणणी आम्ही ऐकून होतो. मला पोंक्षेचे काम मिळाले. पुस्तक हातात घेऊन प्रॉम्प्टिंगला बसे तो हाच कारकून, कारण त्याचे उच्चार स्वच्छ होते.

नाटकाचे कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. अभिरूप न्यायालयाचे प्रयोग करणारी एक हौशी मंडळी खेड्यात येते. रात्रीच्या प्रयोगाला वेळ आहे, आणि सामंत नावाच्या गावकऱ्याला कोर्टाची पद्धत शिकवावयाची आहे. म्हणून गंमत म्हणून एक खोटा खटला उभा करतात. आरोपी कोण? शाळेत शिक्षिका असलेली बेणारेबाई. आरोप? भ्रूणहत्येचा. आरंभी सारा खेळच. पण साक्षीमागून साक्षी होतात तसतसे खेळातले प्रश्न तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतात, आणि अखेरीस काशीकर खरीच बातमी सांगतात, की शाळेचे चालक तिला कामावरून काढणार आहेत. जी बाई पहिल्या अंकात आपल्या वर्गातल्या मुलांविषयी भरभरून बोलते, तिचा वर्गच काढून घेतला जातो.

या नाटकात गलिच्छ शिवी शोधू गेल्यास फारशी हाती लागणार नाही. मंडळी सुशिक्षित आहेत. विनोद, कोटी, कायद्याचे शब्द आणि 'अहो, गंमत केली' एवढ्यावरच त्यांचे काम भागते. मला वाटते, या नाटकाची खरी थोरवी येथे आहे. मनुष्याला खाली बसविण्यास घाणेरडा शब्द लागत नाही. हसणारी माणसे मात्र लागतात. सुखात्मे वकिलाने तोच प्रश्न बेणारेला एकांतात विचारला असता, तर तिने त्याला उडवून लावले असते. चौघे ऐकतात आणि चौघे हसतात, म्हणून ती जखडली जाते. 'गंमत' हा शब्द तर दुहेरी फास आहे. रागवावे तर 'विनोद समजत नाही' असा ठपका, आणि हसावे तर अपमानाच्या कागदावर आपणच सही केल्यासारखे.

तेंडुलकरांनाच शिव्यांच्या दुसऱ्या बाजूचीही जाण होती. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा त्यातील भाषेने अनेक सभ्य वाचक दचकले. त्या संग्रहाला प्रस्तावना तेंडुलकरांची आहे. एका पुस्तकात शब्द ओबडधोबड, दुसऱ्यात शब्द धुतलेले. पण 'गोलपिठा'तली शिवी तळातून वर फेकलेली आहे आणि बेणारेवरची कोटी वरून खाली. शिवीचे वजन तिच्या अक्षरांवरून करता येत नाही. ती कोठून कोठे निघाली, हे पाहावे लागते.

कधी कधी तर शब्दही लागत नाही. परदेशी शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा हाताखालचे शिपाई कागद लांबून टेबलावर फेकीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. राहावयास त्यांना जागा मिळाली नाही, आणि थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले. ज्या संस्थानाने शिष्यवृत्ती देऊन विद्वान घडविला, त्यालाच त्याच्या विद्येचा लाभ झाला नाही. कचेरीतल्या तुच्छतेचा हिशेब आपण केवळ दुखावलेल्याच्या खात्यावर मांडतो. नुकसान कामाचेही होते, हे या उदाहरणावरून स्पष्ट दिसावे.

आता या नाटकावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो चाळीस वर्षांनी सुचला आहे. तेंडुलकरांनी बेणारेला छळणारे सारे लोक आयुष्यात हरलेले दाखविले. सुखात्मेंची वकिली चालत नाही, पोंक्षे इंटर नापास, कर्णिकाचे नटपण अपुरे, काशीकर दांपत्याला मूल नाही. त्यामुळे प्रेक्षकाला एक पळवाट मिळते : हे दुबळे, जळके लोक आहेत, आपण तसे नाही. आमच्या शाखेतले लोक हरलेले नव्हते. वेळेवर बढती मिळालेले, मुलांचे अभ्यास घेणारे, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जाणारे होते. वाईट माणसेच असे बोलतात, हा समज फार सोयीचा आहे; आणि नाटकाने तो थोडासा जपला, असे मला आता वाटते.

दुसरी गोष्ट शेवटच्या स्वगताची. बेणारे अखेर बोलते, आणि तिचे बोलणे काळीज कापून जाते. पण त्या वेळी रंगमंचावरची मंडळी निश्चल असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक. हा मला दोष वाटत नाही, हे त्या नाटकातले सर्वांत कठोर सत्य आहे. खऱ्या कचेरीत तर तेवढेही स्वगत कोणाच्या वाट्याला येत नाही. तेथे येतो तो बदलीचा अर्ज.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला पाणउतारा गुन्हा ठरविला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ साली झाला. हे झाले ते योग्यच झाले. पहिल्या कायद्यातील 'लोकांच्या नजरेसमोर' या शब्दांपाशी मी थबकतो. अपमानाला प्रेक्षक लागतो, हे कायद्यालाही कळले आहे. पण प्रेक्षकाच्या हसण्याला कोणत्याच कलमात शिक्षा नाही. ती ज्याची त्यानेच भोगावयाची.

आमचा प्रयोग रंगला. बक्षीसही मिळाले. एकही संवाद अडला नाही, कारण प्रॉम्प्टर चोख होता. पडदा पडल्यावर आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली आणि कोणीतरी सवयीने तोच शब्द उच्चारला. मी हसलो. त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात दिले. त्या महिन्यात त्याने बदली मागून घेतली.

यंदा धाकट्या लेकीचा दिवाळसण आहे. जावयाचे ताट मांडताना तो शब्द घरात दहा वेळा उच्चारला जाईल, आणि प्रत्येक वेळी मला ते मिटलेले पुस्तक आठवेल.