कुंभाराचं गाढव आणि शेकचा डबा
(नरडाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने डब्यातल्या भुकटीवर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण आम्हाला भुकटीपेक्षा तिच्या दाव्यात रस आहे.

आमच्या शेजारचा पोरगा इथल्या एमआयडीसीत कामाला आहे. वय बत्तीस, तब्येत ठणठणीत. दोन महिने तो रात्रीच्या जेवणाऐवजी शेक पीत होता. परवा दोन रिपोर्ट घेऊन आला. "नाना, सीआरपी चारवरून दीडवर आलं. आतली सूज गेली!" डबा विकणाऱ्याने त्याला तसं सांगितलं होतं. आम्ही विचारलं, पहिल्या तपासणीच्या वेळी बरा होतास ना? म्हणाला, "सर्दी-खोकला होता, पण किरकोळ."

इथेच थांबू या. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. संसर्ग झाला की झपाट्याने चढतं, माणूस बरा झाला की उतरतं. हृदयविकाराच्या दृष्टीने लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असेल तर धोका कमी, ३ च्या वर असेल तर जास्त, असा ठोकताळा आहे. साध्या सर्दीनेही हा आकडा हलतो. म्हणजे शेक न पिताही तो उतरला असता, ही शक्यता आधी निकालात काढायला हवी. ती कोणी काढली?

दुसरी गोष्ट वजनाची. पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही. ती इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्यं सोडते आणि त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी बनवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. २००८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शहरी मध्यमवर्गीयांत चरबी जास्त होती आणि दाहाच्या खुणाही जास्त. तेव्हा चरबी घटली की दाह घटतो, हे पटण्यासारखं आहे. मग ती शेकने घटो, की दोन भाकरींची एक केल्याने.

आपल्या नैयायिकांनी याला फार चांगलं उदाहरण दिलंय. घडा घडायच्या आधी गाढव माती वाहून आणतं. ते घड्याच्या आधी हजर होतं, पण म्हणून ते घड्याचं कारण नव्हे. माती बैलगाडीनेही आली असती. अशा गोष्टीला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. आमच्या मते डबा हे ते गाढव आहे. कारण ठरवायचंच असेल, तर दोन गट घ्या. दोघांना सारख्याच कॅलरी. एकाला शेक, दुसऱ्याला दादरची भाकरी, डाळ, भाजी. वजन सारखंच उतरवा आणि मग सीआरपी मोजा. तरीही फरक दिसला, तर आम्ही भुकटीला हात जोडू. आणि ज्याचं सीआरपी मुळातच अर्ध्यावर आहे, अशा सडपातळ निरोगी माणसात उतरणार तरी काय?

भुकटी वाईटच असते, असं आमचं म्हणणं नाही. ब्रिटनमध्ये २०१७ साली 'डायरेक्ट' नावाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मधुमेह्यांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचे शेक आणि सूप दिलं. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना आटोक्यात होती. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत फक्त ४ टक्के. पण ते लोक निरोगी नव्हते, मोजमाप साखरेचं होतं, दाहाचं नव्हतं. आणि मधुमेहाची औषधं पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती.

हे शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम सांगतोय. कारण रिपोर्ट दाखवून झाल्यावर पोरगा म्हणाला, "आता आईलाही चालू केलंय." त्याची आई मधुमेहाच्या गोळ्या घेते. गोळी तीच आणि रात्रीचं जेवण बंद, तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. आम्ही त्याला सांगितलं, रिपोर्टचं नंतर पाहू, आधी आईला डॉक्टरांकडे ने.

चुकीचं कारण ही आम्ही वर्गात पुस्तकी चूक म्हणून शिकवत आलो. त्या संध्याकाळी ती एका बाईच्या ताटापर्यंत आली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.