'बर्गी' आणि आम्ही

बंगालात बदली झाल्यावर आमच्या कन्येने शाळेतून आणलेला पहिला धडा असा की, 'बर्गी' म्हणजे लुटारू मराठे. आम्ही बालपणी नागपूरकर भोसल्यांचा पराक्रमच घोकला होता. १७४२ ची स्वारी एकच, धडे मात्र दोन! इतिहासाध्यापनाचा दोष हाच: निवाडा शिकविला जातो, पुरावा नाही. म्हणून गंगारामाचे समकालीन बंगाली काव्य 'महाराष्ट्रपुराण' वर्गात वाचले जावे. त्यात पाप्यांच्या शासनार्थ शिवेच्छेने मराठे येतात. पण स्त्रिया व ब्राह्मण यांवर अत्याचार होताच पार्वती विन्मुख होते. सोसणाऱ्यांच्या कवीलाही दोन बाजू दिसल्या. क्रमिक पुस्तकांना एकच दिसते. कन्येस हे सांगताना आम्ही अडखळलो. परंतु अभिमानास कोठेच अडखळू न देणारा इतिहास शिकवून काय साधणार?